सदतिसावी टाइल

संग्रहालयात त्यांना सगळे डिंकबाई म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतं 'बाई'. तळमजल्यावर जिन्याखालची लांबट खोली त्यांची. फुटलेल्या बशा, कान तुटलेले कप, टवके उडालेल्या सुरया वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे यायच्या आणि महिना-दीड महिन्याने धड होऊन वरच्या दालनात परत जायच्या. सांधा कुठे आहे ते शोधायला भिंग लागायचं. वीस वर्षं हेच काम. हात कमालीचा शांत, आणि जीभ अशी की शिपाईसुद्धा त्यांच्या खोलीचं दार ढकलण्याआधी एकदा खाकरायचा.

त्यांना राग यायला तशी बरीच कारणं होती. कुणी प्राचीन बशीत समोसा ठेवला म्हणून, कुणी काचेच्या कपाटाला टेकून फोटो काढला म्हणून. पण ते राग संध्याकाळपर्यंत उतरायचे. एकच राग उतरत नव्हता, आणि तो होता सदतिसाव्या टाइलचा.

दुसऱ्या मजल्यावर, चिनी मातीच्या दालनात, अठ्ठेचाळीस टाइल्सची एक भिंत होती. एका ओळीत आठ, अशा सहा ओळी. पांढऱ्यावर निळी वेल, वेलीला द्राक्षांचे घड, आणि जागोजागी पक्षी. कुण्या श्रीमंताच्या जेवणघरातून दोनशे वर्षांपूर्वीचं ते काम संग्रहालयाकडे आलेलं. समोरच्या कपाटात त्याच घरातली, त्याच कारखान्यातली ताटं, वाडगे आणि झाकणाचं मोठं सूपचं भांडं. त्यांच्यावरही तीच वेल, तेच पक्षी.

या भिंतीतल्या पाचव्या ओळीतली पाचवी टाइल उलटी होती. पक्ष्याचे पाय वर, चोच खाली. वेल चारी बाजूंनी सारखीच फिरत असल्यामुळे चटकन ध्यानात यायचं नाही; पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसायचं नाही.

अठरा वर्षांपूर्वी जुन्या दालनातून ही भिंत नव्या दालनात हलवली, तेव्हा हा घोळ झाला. टाइल्स सोडवून, पाठी साफ करून त्यांच्यावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायचं काम बाईंचं होतं. ते संपवलं आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या मागे कंत्राटदाराच्या चार माणसांनी टाइल्स बसवल्या, उद्घाटनही झालं. बाई परत आल्या, दालनात गेल्या, आणि तिथेच उभ्या राहून ओरडल्या, "कुठल्या गाढवाने लावली ही?"

तेव्हाचे साहेब निवृत्तीला टेकलेले. ते म्हणाले, "बाई, उद्घाटन झालंय. पुन्हा कधी भिंत उतरली तर बघू." बाईंनी त्या न पाहिलेल्या चार माणसांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि कामाला लागल्या.

पुढे नवे साहेब आले. उंच, गोड आवाजाचे, बोलताना डोळे मिटणारे. आल्यावर वर्षभरात त्यांना तो उलटा पक्षी दिसला, आणि त्यांनी त्यावर एक लेख लिहिला. कारागिराची लाडकी लेक काम चालू असताना वारली, आणि त्या बापाने आपलं दुःख कुणालाही न सांगता एका पक्ष्यात उलटं टांगून ठेवलं, असा त्या लेखाचा सूर. लेखाचं पुस्तक झालं, पुस्तकाला पारितोषिक मिळालं. शाळेच्या सहली येऊन त्या टाइलपुढे गप्प उभ्या राहायला लागल्या. खालच्या दुकानात उलटा पक्षी छापलेले कप आणि कापडी पिशव्या आल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, ती टाइल बसवताना उलटी लागलीय. मी जुन्या दालनात सरळ पाहिलेली आहे."

"पुरावा?" साहेब हसून म्हणाले. जुन्या दालनाचा एकच फोटो होता, आणि त्यात नेमके पाचव्या ओळीपुढे कुणी पाहुणे पोट पुढे काढून उभे होते.

"पुरावा हाताला लागतो," बाई म्हणाल्या. "टाइल भट्टीत उभी ठेवलेली असते. झिलई वितळून खालच्या कडेला उतरते. सत्तेचाळीस टाइल्सची खालची कड जाड आहे. या एकीची वरची आहे. बोट फिरवून बघा. आणि समोरच्या सूपच्या भांड्यावर हाच पक्षी बघा, फांदीवर पाय रोवून, मान उंच करून द्राक्ष खातोय. तो टांगलेला नाही. त्याला भूक लागलीय."

"बाई, तुम्ही वस्तू बघता. मी त्यामागचा माणूस बघतो."

"तो लेक गेल्याचा कागद कुठाय?"

"कागद नसतो हो. संवेदना असते."

बाई खोलीतून बाहेर पडल्या. आणखी बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती. पण खाली येऊन सुतारकाकांपुढे त्यांनी सगळं ओकलं. सुतारकाका म्हणजे संग्रहालयाचे जुने सुतार. कपाटं, चौकटी, फळ्या सगळं तेच करायचे.

"अहो काका, त्या माणसाने अठ्ठेचाळीस टाइल्स रंगवल्या. एका पानाचा देठ चुकला नाही. आणि आपण त्याच्या माथी एक चूक मारली, वर त्याची लेक मारली. असेल बिचारी नांदत, चार पोरांची आई होऊन!"

"तुम्हाला कशाला एवढं लागतं?" काका म्हणाले. "तो आता येतोय थोडाच विचारायला?"

"येत नाही म्हणून तर लागतं!"

अशी दहा वर्षं गेली. बाई त्या दालनात शिरल्या की दातओठ खायच्या, आणि साहेबांचं व्याख्यान असलं की आजारपणाची रजा टाकायच्या.

मग भिंतीमागे पाण्याचा नळ गळायला लागला. खालच्या तीन ओळींमागचं प्लास्टर फुगलं, आणि त्या ओळी उतरवायचं ठरलं. साहेब परगावी परिषदेला गेलेले. सुट्टीच्या दिवशी, दालन बंद असताना, बाई आणि सुतारकाका शिडी, पातळ पाती आणि उशा घेऊन कामाला लागले. एकेक टाइल सुटायची, काका ती दोन्ही हातांनी बाईंकडे द्यायचे, बाई ती उशीवर पालथी घालायच्या. दुपारपर्यंत पाचव्या ओळीत चार झाल्या.

"घ्या तुमची लाडकी," काका म्हणाले.

बाईंनी ती सदतिसावी टाइल पालथी केली आणि ब्रशने पाठ झाडली. माती भाजण्याआधी तिच्यात टोकाने कोरलेला कारागिराचा आकडा होता, आणि आकड्याखाली एक आडवी रेघ, खालची बाजू कळावी म्हणून. सगळ्यांच्या पाठीवर होती तशीच. त्या रेघेवर, ती अर्धी झाकून, कागदाची पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीवर ३७ आणि 'वरची बाजू' दाखवणारा बाण.

बाण खाली, रेघेच्या बाजूला तोंड करून होता. आणि अक्षर बाईंचं होतं.

त्यांनी चिठ्ठी नीट पाहिली. पुन्हा पाहिली. तीनाचं पोट असं मोठं त्याच काढायच्या. नववा महिना, पाय सुजलेले, दोन दिवसांत काम उरकायचं म्हणून स्टुलावर बसून एकामागून एक चिठ्ठ्या लावल्या होत्या. चिठ्ठी उलटी लागली. त्या चार माणसांनी बाण दाखवेल तशी टाइल बसवली. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या, आणि हातातला ब्रश त्यांनी असा भिरकावला की तो थेट समोरच्या कपाटाच्या काचेवर आपटला. अठरा वर्षं त्या ज्यांना गाढव म्हणत होत्या त्यांच्यातलं एकही तिथे नव्हतं. गाढव उशीपुढे मांडी घालून बसलं होतं. आता रागवायचं कुणावर? आणि राग तर तेवढाच होता, उलट वाढला होता.

दोन दिवसांनी साहेब परतले. बाईंनी टाइल उशीसकट त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी आकडा पाहिला, रेघ पाहिली, चिठ्ठी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"हं." त्यांनी डोळे मिटले, उघडले. आवाज पुन्हा गोड झाला. "बाई, चूक तुमची. बाहेर आलं तर तुमच्या नावावर येईल. वीस वर्षांच्या नोकरीत असा डाग कशाला? टाइल होती तशी लावा. लोकांना तो पक्षी आवडतो. मुलं रडतात तिथे. त्यांचं काय बिघडलंय?"

बाईंना क्षणभर कळलंच नाही की हा माणूस आपल्याला वाचवतोय की आपल्याआड लपतोय. मग कळलं.

"मला सांभाळून घेताय?"

"एकमेकांना सांभाळावं लागतं."

"त्याला कोण सांभाळणार?" बाईंनी टाइलवर बोट ठेवलं. साहेबांना 'त्याला' म्हणजे कुणाला हे कळलं नाही. निदान तसं त्यांनी दाखवलं.

घरी बाईंनी भाजी इतक्या जोरात चिरली की नवऱ्याने पेपर खाली ठेवला. नवरा शाळेत कारकून, शांत माणूस. लेक अठरा वर्षांची, आईच्या वळणावर गेलेली. बाईंनी सगळं सांगितलं.

"म्हणजे आई, तो पक्षी माझ्यामुळे उलटा झाला?" लेक म्हणाली.

"तुझ्यामुळे कशाला? मी आंधळी होते म्हणून!"

"अगं, पण होतं असं," नवरा म्हणाला. "त्या अवस्थेत कुणाचंही झालं असतं. सोड ना आता. साहेब स्वतः म्हणतायत ना लावा म्हणून?"

"अहो, तेच तर! चूक मी केली ती एका दुपारी, आणि नकळत. आता लावली तर ती जाणूनबुजून होईल. आणि मग दहा वर्षं त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार होता?"

नवरा पुन्हा पेपरात शिरला. लेक उठून कांदा चिरायला लागली.

प्लास्टर वाळल्यावर पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाईंनी आणि काकांनी चोवीस टाइल्स परत बसवल्या. सदतिसावी हातात आली तेव्हा काकांनी नुसतं भुवया उडवून विचारलं.

"सरळ," बाई म्हणाल्या.

खाली येऊन त्यांनी दुरुस्तीच्या वहीत तारीख घालून लिहिलं: 'क्रमांक ३७ ची टाइल अठरा वर्षांपूर्वी माझ्या हातून उलटी चिठ्ठी लागल्यामुळे उलटी बसली होती. पाठीवरच्या मूळ खुणेप्रमाणे आज सरळ बसवली.' खाली पूर्ण सही केली. त्या पानाच्या दोन प्रती काढून एक साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एक साहेबांच्याही वरच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. पोच घेतली म्हणूनच साहेबांना ते पान गिळता आलं नाही.

तीन आठवड्यांनी संग्रहालयाच्या सभागृहात पत्रकार बोलावले गेले. बाईंना निमंत्रण नव्हतं. त्या गेल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. साहेब डोळे मिटून बोलत होते. संशोधकाला आपलंच मत खोडून काढायचं धैर्य लागतं, म्हणाले. आपण पुन्हा एकदा त्या भिंतीचा अभ्यास हाती घेतला, झिलईच्या कडा तपासल्या, समोरच्या भांड्यांशी ताडून पाहिलं, आणि सत्यापर्यंत पोचलो. "एका कनिष्ठ महिला कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इतकी वर्षं आपली सर्वांची दिशाभूल झाली."

टाळ्या पडल्या. बाई उभ्या राहिल्या.

"ती कर्मचारी मी!" आवाज एवढा चढला की पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. "चिठ्ठी मी उलटी लावली. ते मीच लिहून दिलंय, वहीत सही आहे. पण झिलईची कड मी यांना दहा वर्षांपूर्वी, यांच्याच खोलीत, बोट ठेवून सांगितली होती. तेव्हा हे म्हणाले, संवेदना असते. ती मेलेली लेक कुणी आणली, ते पण विचारा यांना!"

"बाई, ही जागा नाही," साहेब म्हणाले.

"मग कुठली? जिन्याखालची?"

शिपाई येऊन अदबीने बाजूला उभा राहिला. बाई त्याला म्हणाल्या, "हात लावू नकोस, जाते मी," आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला आणि शोधाची बातमी आली. बाईंचं बोलणं शेवटच्या दोन ओळींत होतं, 'कार्यक्रमात काही काळ गोंधळ' एवढंच. आठवड्याने दोन मेमो आले: एक निष्काळजीपणाबद्दल, एक शिस्तभंगाबद्दल. पहिल्याला बाईंनी उत्तर दिलं, 'मान्य आहे.' दुसऱ्याला दिलं, 'मान्य नाही,' आणि सोबत पोच घेतलेल्या पानाची प्रत जोडली. पुढे कुणी काही विचारलं नाही. साहेबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, शेवटी एक प्रकरण वाढवून. सुतारकाकांनी ती चाळून पाहिली आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही." बाई म्हणाल्या, "माझं कशाला हवंय? त्या लेकीला जिवंत केलंय का ते सांगा." नव्हतं केलं. तो परिच्छेद तसाच होता, फक्त 'कदाचित' घातला होता.

एकदा जोडलेला वाडगा कपाटात ठेवायला बाई वर गेल्या होत्या. दोन बायका त्या भिंतीपुढे उभ्या होत्या.

"इथे काहीतरी उलटं होतं ना गं?" एकीने विचारलं.

दुसरीने वर-खाली पाहिलं, डावीकडून उजवीकडे पाहिलं. "काढलं वाटतं. आता काही विशेष दिसत नाही," ती म्हणाली, आणि दोघी पुढच्या दालनात गेल्या. त्या भिंतीपुढे त्या पुरतं मिनिटभरही थांबल्या नव्हत्या.

बाईंना त्याचाही राग आला. वाडगा हातात धरून त्या भिंतीपुढे गेल्या आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या टाइलपासून एकेक पान, एकेक घड, एकेक पक्षी बघत राहिल्या, पूर्ण अठ्ठेचाळीस, कुणाला घाई असली तर असो.