भार द्यायचा नाही

डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. गुरुत्वाकर्षणाचा धडा संपला की फळा पुसायचे, हातावरचा खडू झटकायचे आणि वर्गाला विचारायचे, उद्या सकाळी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण नाहीसं झालं तर काय होईल? वर्ग खूश व्हायचा. बाई, आपण उडू. बाई, दप्तर जड लागणार नाही. बाई, हा जाड्यापण उडेल. पोरांना गंमत वाटायची, कारण त्यांना पहिलं मिनिटच दिसायचं. पुढची मिनिटं मी सांगायचे. आधी हवा जाईल, कारण तिला दुसऱ्या कशानेही धरून ठेवलेलं नाही. मग खाडी जाईल, समुद्र जाईल. शेवटी पृथ्वीसुद्धा, कारण एवढी थोरली पृथ्वी कुणी दोरीने बांधलेली नाही, ती स्वतःच्याच वजनाने आवळलेली आहे. वजन गेलं की पोटात दाबून ठेवलेलं सगळं उसळून बाहेर येईल. कुणी ढकलणार नाही, कुणी मारणार नाही, फक्त धरून ठेवणारं काही उरणार नाही, असं मी म्हणायचे आणि मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. मला ती शांतता आवडायची, खोटं कशाला बोलू?

हेच पुढे माझ्या बाबतीत घोडबंदर रोडवरच्या बाविसाव्या मजल्यावर हळूहळू घडेल, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

डोंबिवलीचं माझं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. भाजीची पिशवी, गिरणीतून दळणाचा डबा, सगळं मीच वर न्यायची. हे गेल्यावरही मी तिथे एकटी मजेत राहत होते. मग एका सकाळी भाजीबाजारात पाय घसरला आणि गुडघा खरचटला. बस, एवढंच. भाजीवालीने हळद लावली आणि वर दोन लिंबं फुकट दिली. पण कुणीतरी मुलाला फोन केला आणि तो गाडी घेऊन हजर. "आई, चार दिवस चल, मग आणून सोडतो." त्या चार दिवसांना आता दीड वर्ष होत आलंय. घराला कुलूप आहे आणि किल्ली मुलाच्या कपाटात.

इथे मला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. हे मी कौतुकाने लिहीत नाहीये. सकाळी दाराबाहेरची दुधाची पिशवी उचलायला वाकले की मुलगा धावतो, "आई, तू बस गं." कुकर उतरवायला गेले की सून म्हणते, "आई, तुम्ही राहू द्या, मी करते." बादली नाही, केरसुणी नाही, स्वतःचं ताटसुद्धा सिंकपर्यंत नाही. काडी इकडची तिकडे करू देत नाहीत. एकदा सगळे ऑफिसात असताना जिन्याने खाली उतरायला निघाले. सहा-सात मजले उतरले असेन, तोवर कॅमेऱ्यात बघून वॉचमनने इंटरकॉम केला, सोसायटीच्या ॲपवर निरोप गेला आणि मुलाचा फोन माझ्या कमरेला वाजायला लागला. "आई, लिफ्ट आहे ना गं आपल्याला?" एवढ्या प्रेमाने बोलला की भांडता येईना.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. पाटल्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. जुन्या चपलेत पाय फिरायला लागला. अंघोळीनंतर पोटऱ्यांना हात लावला की हाताला कातडं लागायचं, आत काही नाही. वजनकाट्यावर उभी राहिले की काटा मागच्या वेळेपेक्षा अलीकडेच थांबायचा. सून म्हणाली, "छान, साखर कंट्रोलमध्ये येईल." मला मात्र वर्गात सांगितलेलं आठवत होतं. अंतराळात राहणाऱ्या माणसांच्या पायांवर भार पडत नाही. भार नसला की शरीर समजतं, आता या हाडांची गरज नाही, आणि ती झिजवायला लागतं. म्हणून ते बिचारे तिथे रोज अंगाला पट्टे बांधून तास न् तास व्यायाम करतात. त्यांना निदान पट्टे बांधून देतात. मी हे जेवताना मुलाला सांगितलं. तो हसला. "आई, शाळा सुटली कधीच." आधी मला राग आला. मग रात्रीचं दूध पिताना पेला धरलेल्या हाताकडे बघितलं आणि मला भीती वाटली.

त्याच सुमारास नात बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मला पणती. घरात दिवसभर पोरीच्या वजनाची चर्चा. आज इतकं वाढलं, डॉक्टर खूश आहेत, दुपटं अडकवून तर तानकाट्यावरसुद्धा मोजून झालं. मुलगा तिला खांद्यावर टाकून फिरायचा. सून तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. शेजारपाजारच्या बायका येऊन उचलून जायच्या. माझ्याकडे मात्र पोर कुणी दिली नाही. माझ्या शेजारी गादीवर आणून निजवायची, दोन्ही बाजूंना उशा लावायच्या आणि म्हणायचं, "आजी, बघ, कोण आलंय." मी बोट पुढे करायची, ती धरायची. तिचं वजन घरात सगळ्यांना पाठ होतं आणि माझ्या हातांना त्याचा पत्ता नव्हता.

"मला दे," मी एकदा स्पष्टच म्हटलं.

"आजी, तुझे हात थरथरतात गं," नात म्हणाली.

"थरथरणारच. वर्षभरात तुम्ही त्यांत काही ठेवलंय का?"

ती ओशाळली. आईकडे बघायला लागली. नात माझी लाडकी, मनाने फार चांगली. पण घरातल्या भीतीची लागण तिलाही झालेली.

बारशाचा विषय निघाला तेव्हा मी हट्टाला पेटले. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला घालतात. वरवंट्याला कुंची घालायची, काजळाचं बोट लावायचं आणि पाळण्याच्या वरून-खालून एकीने द्यायचा, दुसरीने घ्यायचा. पोर दगडासारखी टणक होवो, असा त्यामागचा भाव. मग त्याच वाटेने बाळ. मी म्हटलं, वरवंटा मी उचलणार, आणि तो नीट उचलला तर बाळही मीच घेऊन पाळण्यात घालणार. नाही उचलता आला तर पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. मुलगा नाही-नाही म्हणत होता. नात म्हणाली, "बाबा, असू दे ना. आजी, डन." सगळ्यांसमोर ठरलं.

वरवंटा डोंबिवलीच्या घरचाच हवा, हेही मी सांगितलं. तो माझ्या सासूचा. मधे बारीक झालेला, टोकांना जाड. मिक्सर आल्यावरही मी ओल्या खोबऱ्याची चटणी त्याच्यावरच वाटायची. किती ताकद लावली की तो पाट्यावरून उचलला जातो, हे माझ्या मनगटांना ठाऊक होतं. मुलगा म्हणाला, रविवारी जाऊन आणतो.

मग मी तयारीला लागले. गॅलरीत कोरफडीची कुंडी होती. दुपारी घर झोपलं की ती दोन्ही हातांनी उचलायची, छातीशी धरायची, ठेवायची. पहिल्या दिवशी ती जागची हलेना. मी तिथेच बसून रडले, लाज वाटायचं कारण नाही. पण हळूहळू ती गुडघ्यापर्यंत आली, मग कमरेपर्यंत. पायांना खाली जमीन लागायला लागली. सुनेने एकदा पदराला लागलेली माती बघितली. म्हणाली, "आई, हे काय?" मी म्हटलं, "कोरफडीशी बोलत होते." म्हातारपणाचा तेवढा एक फायदा, अशा उत्तरांवर कुणी पुढे विचारत नाही.

"वरवंटा आणलास?" मी मुलाला विचारलं.

"आणला गं. नातीकडे दिलाय तुझ्या."

बारशाच्या दिवशी नातीच्या सासरची मंडळी कळव्याहून निघाली ती घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून दुपारी उशिरा पोचली. हॉलभर फुगे, कागदी ढग, भाड्याचा पाळणा. सजावटवाल्या मुलीने तर एक चंद्रही छताला टांगला होता. पाळण्याशेजारी चौरंग आणि चौरंगावर वरवंटा, कुंचीत गुंडाळलेला, वर लाल टोपरं. त्याला बघून मला बरं वाटलं. पलीकडे नातीच्या सासूबाई बाळाला घेऊन उभ्या राहिल्या. मुलगा माझ्या मागे यायला लागला, मी त्याला हाताने दूर केलं. घुगऱ्यांचा वास येत होता. बायका गायला लागल्या.

मी पाय फाकवून उभी राहिले. गुडघे किंचित वाकवले, पाठ ताठ ठेवली, दोन्ही पंजे कुंचीखाली घातले. दगडाला लागतो तेवढा सगळा जोर मनगटांत आणला आणि उचललं.

हातात काही आलंच नाही.

भरलेली समजून रिकामी कळशी उचलली की जे होतं, ते झालं. हात वर उडाले, हातांमागून मी. ते लाल टोपरं कागदी ढगांपर्यंत गेलेलं मला दिसलं. पायांखाली काही नव्हतं, कुठे धरावं असं काही नव्हतं, आणि त्या एवढ्याशा वेळात मला स्पष्ट कळलं की मी आता पडणार आणि त्याबद्दल कुणालाच काही करता येणार नाही. मग टिपॉयची कड खुब्यात बसली. आवाज मी ऐकला. तो वरवंटा फरशीवर टप्पे खात सोफ्याखाली गेला आणि पाहुण्यांतली कुणी पोर खुदकन हसली.

थर्माकोलचा होता. सजावटीच्या सामानात तसले मिळतात म्हणे, काळा रंग दिलेले, अगदी दगडासारखे. मुलाने खरा आणला होता. नातीने तो हातात घेऊन बघितला. आजीला झेपणार नाही, सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा होईल, म्हणून तिने गुपचूप बदलला. मला जिंकू द्यायचं होतं तिला. ॲम्ब्युलन्समध्ये ती माझा हात धरून हेच पुन्हा पुन्हा सांगत होती आणि हुंदके देत होती. मला तिच्यावर रागावता आलं नाही. त्या वेळी वेदनेने काहीच सुचत नव्हतं, आणि नंतरही जमलं नाही.

राग आला तो दुसऱ्या दिवशी, वॉर्डात भेटायला आलेल्यांचा. माझ्यासमोरच बोलत होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? या वयात कशाला हवेत हे हट्ट? आणि सुनेची बहीण म्हणाली, "अगं, थर्माकोलचा उचलता आला नाही त्यांना, खरा कसा उचलला असता?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, अहो, जोर कमी पडला नाही, जास्त झाला. वजनच नव्हतं म्हणून पडले. विज्ञान आहे हे, साधं सातवीचं. मी बोलत होते आणि ते माझ्याकडे, औषधाच्या गुंगीत बडबडणाऱ्या माणसाकडे बघतात तसं बघत होते. मुलगा म्हणाला, "हो आई, बरोबर आहे. आता बोलू नकोस." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याने माझा उरलेला आवाजही बंद केला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. घरी सोडताना त्यांनी मुलाला बाजूला घेऊन बजावलं आणि मला मोठ्याने सांगितलं, "आजी, मी सांगेपर्यंत पायावर अजिबात भार द्यायचा नाही. अजिबात म्हणजे अजिबात." मुलाने ते मन लावून ऐकलं. इतकं की आता मला कूस बदलायलाही दोन माणसं येतात. खोलीला पडदे लावलेत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला कापूस लावलाय. बाविसाव्या मजल्यावर पाठीवर पडून राहिलं की खालचं काही ऐकू येत नाही, घोडबंदरचे हॉर्नसुद्धा नाहीत. मधूनमधून मी गादीची कड घट्ट धरते. का धरते ते कुणाला सांगितलेलं नाही. पांघरुणाखालचे पाय कुठे आहेत, हे मला बघितल्याशिवाय कळत नाही.

नात सासरी जायच्या आदल्या दुपारी बाळाला घेऊन माझ्या खोलीत आली. दार लोटलं. म्हणाली, "आजी, आज तुझ्याकडे देते. कुणाला सांगायचं नाही." मला हसू आलं आणि रडूही. पोर अंगाने भरली होती. नातीने वाकून तिला अलगद माझ्या छातीवर ठेवलं. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली आलं. दुधाचा वास, गरम श्वास. मी डोळे मिटून वाट बघत राहिले, तिचा भार माझ्यावर उतरायची.

"हात काढ," मी म्हटलं.

"काढते."

भार काही उतरला नाही. "काढलास?"

"काढला की गं आजी, कधीच," ती म्हणाली. बाळाखालची तिची बोटं अजून माझ्या छातीला लागत होती.