टोकबेकचं कुरण

कुल्पाश लग्न होऊन तास्तिबुलाकला आली तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि आली त्याच दिवशी तिच्या तोंडातला एक शब्द काढून घेतला गेला. सासऱ्यांचं नाव काझिकबेक. काझिक म्हणजे खुंटा. त्यांच्या आईची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून चौथ्याला तिनं खुंट्याचं नाव दिलं, की हा तरी जमिनीला धरून राहील. राहिला. चांगला सहासष्ट वर्षं राहिला. नाव गुणाला आलं, पण पुढं या घरात येणाऱ्या सुनांच्या जिभेचं काय होईल हे त्या माउलीच्या मनात आलं नाही.

सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्या नावात जो शब्द असेल तोही घ्यायचा नसतो. सासऱ्याचं नाव वाघावरून असतं तर कुल्पाशचं काही अडलं नसतं, वाघाचं काम रोज कुठं पडतं? पण खुंट्यावाचून आमच्याकडे सकाळ होत नाही. घोडा खुंट्याला, शिंगरांची दोरी दोन खुंट्यांमध्ये, वारा सुटला की तंबूची दोरी खुंट्याला. उत्तरेला जो तारा हलत नाही तो लोखंडी खुंटा, कारण सगळं आभाळ त्याच्याभोवती बांधल्या घोड्यासारखं फिरतं. जन्मगाव म्हणजे सोन्याचा खुंटा. घरातलं थोरलं माणूस म्हणजे घराचा खुंटा. एखादं पोर आळसानं उभं राहिलं तर तेही खुंटा. इतक्या ठिकाणी रोवलेला शब्द एका दिवसात उपटायचा म्हणजे थट्टा आहे का?

सासू दामेश व्यवहारी बाई. तिनं पहिल्याच संध्याकाळी नव्या सुनेला पीठ मळायला बसवलं आणि दाराकडे बघत हळू आवाजात सांगितलं, "टोक्या म्हणायचं."

"कशाला, आई?"

"ज्याला घोडा बांधतात त्याला. खाली टोक असतं ना? मग टोक्या."

"आणि उत्तरेच्या ताऱ्याला?"

"न हलणारा."

"आणि मामंजींना?"

दामेशनं पिठाचा हात झटकला. "त्यांना हाक कशाला मारायचीय तुला? परक्या कुणी विचारलंच तर टोकबेक म्हणावं. मी तीस वर्षं तेच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायला मी काय बेशरम आहे?"

झालं. कुल्पाश शिकली. या घराण्यातल्या सगळ्याच सुना शिकलेल्या होत्या. विहिरीवर, चुलीपाशी, लग्नाच्या मांडवात बायका टोक्याच म्हणत, आणि पुरुष आपले खुंटा खुंटा करत हिंडत. दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. पुरुषांनी बायकांचं बोलणं कान देऊन ऐकलं असतं तर अडलं असतं.

एकदाच घोटाळा झाला. थोरला मुलगा सादिर सात वर्षांचा असताना दूध उतू जात होतं आणि हा पातेल्याशेजारी तोंड उघडं टाकून उभा. कुल्पाशला म्हणायचं होतं, खुंट्यासारखा काय उभा आहेस. शब्द ओठावर आला आणि तिनं तो गिळला, पण राग गिळता आला नाही. ती ओरडली, "मेल्या, मामंजींसारखा काय उभा आहेस!"

मामंजी दारातच उभे होते. अगदी तसेच. ते इतके हसले की त्यांना बाजेवर बसवून पाणी द्यावं लागलं, आणि कुल्पाश आठ दिवस रुमालाआडून जेवण वाढत राहिली.

नव्या सुनेनं नवऱ्याच्या धाकट्या भावांनाही लाडाची नावं द्यायची असतात. चुलतदीर नुर्गोझा तेव्हा सहा वर्षांचा होता, गोरा, गुबगुबीत, नाक वाहणारा. तिनं त्याला लाडोबा म्हटलं. आता तो चोपन्न वर्षांचा झाला होता, मिशा होत्या, पोट होतं, मोटार होती, आणि गावातल्या साठीच्या बाया त्याला अजून लाडोबाच म्हणत. त्याला ते आवडत नसे. पण सुनेनं ठेवलेलं नाव माणसाबरोबरच कबरीत जातं.

तर हा लाडोबा त्या वर्षी कुरणावर उठला.

सामूहिक शेती मोडली होती. जमिनी माणसांच्या नावे करून द्यायला वसंतात जिल्ह्याहून मंडळी येणार होती. कुल्पाशच्या घरामागं ओढ्याकाठी एक कुरण होतं, लांबीला चारशे पावलं. मामंजी त्यातलं गवत कापत, मग नवरा, आणि नवरा गेल्यावर सादिर. त्या गवतावर तिच्या तीन घोड्या हिवाळा काढत. कुरण गेलं तर घोड्या विकायच्या, आणि घोड्या गेल्या की उन्हाळ्यात कुमिस, ते घोडीचं आंबवलेलं दूध, कशाचं घुसळायचं? कुमिस नसलेल्या घरी पाहुणा चहा पिऊन उठतो, आणि पुढच्या वेळी शेजारच्या घरी उतरतो. कुल्पाशला हे अंधारातसुद्धा स्पष्ट दिसत होतं.

नुर्गोझा म्हणाला, कुरण माझ्या वडिलांचं. काकांनी नुसतं वापरलं.

सादिर चिडला, पण नुर्गोझा मोठा उदार. दुकानासमोर चार माणसांत छातीवर हात ठेवून म्हणाला, "मला वहिनींशी भांडायचं नाही. जुनं दप्तर येणारच आहे. वहिनींनी सगळ्यांसमोर आपल्या सासऱ्यांचं नाव सांगावं. ते कुरणासमोर लिहिलेलं निघालं तर मी पाया पडून परत जाईन."

"बघा, सोन्यासारखा माणूस," लोक म्हणाले.

कुल्पाशला मात्र त्यात सोनं दिसेना. नाव सांगायचं! अठ्ठेचाळीस वर्षांत जे स्वप्नातसुद्धा घेतलं नाही ते आता शाळेच्या खोलीत, खुर्चीवर बसून, परक्या पुरुषांसमोर!

सून गौहारला त्यात काही विशेष वाटेना. ती शहरातली, बँकेत काम करून आलेली. "आई, म्हणून टाका ना एकदा. वर कोण ऐकायला बसलंय?"

"वर बसलेत म्हणूनच."

"मग मी सांगते तुमच्या वतीनं."

"तू पण सूनच ना या घरची?"

"मी नात्यातली तिसरी पिढी. मला चालतं."

"तुला सगळंच चालतं, बाई. चुलीवरचं दूध तेवढं चालत नाही, ते पळतं," कुल्पाश म्हणाली, आणि गौहार पातेल्याकडे धावली.

पण सुनेचं चालणार नव्हतंच. नुर्गोझानं वहिनींचं नाव घेऊन अट घातली होती, आणि गावानं ती डोक्यावर घेतली होती. तेव्हा कुल्पाश सराव करू लागली. सकाळी बादली घेऊन घोड्यांपाशी जायची, आजूबाजूला कुणी नाही असं बघायची आणि म्हाताऱ्या करड्या घोडीच्या कानाशी लागून म्हणायची, "का..." पुढं जीभ रेटेना. घोडी कान टवकारून वाट बघायची. "काझ..." की दामेशचा पिठाचा हात डोळ्यांपुढं यायचा. तिसऱ्या दिवशी घोडीनं कंटाळून बादली लाथाडली.

मग कुल्पाशनं मनाची समजूत घातली. मामंजी भले माणूस होते. ते म्हणतील, पोरी, घोड्यांसाठी घे नाव, मी कानात बोटं घालतो. शुक्रवारी तिनं कबरीवर जाऊन दुवा मागितली, कणकेचे सात बाउरसाक तळून शेजाऱ्यांत वाटले, आणि ठरवलं, म्हणायचंच. नाव घेईन, कुरण घेईन, आणि उरलेलं आयुष्य लाजेन. सहासष्टाव्या वर्षी लाजायला उरलंय तरी किती?

शाळेच्या खोलीत सगळं गाव लोटलं होतं. टेबलामागं जिल्ह्याचे अध्यक्ष बसले होते, टक्कल पडलेला, सर्दी झालेला माणूस. त्यांच्यासमोर बाड, पानं पिवळी पडलेली. नुर्गोझा पुढच्या बाकावर नवा कोट घालून आणि त्याची बायको ओरिन्कुल बायकांच्या घोळक्यात मागं.

"ओढ्याकाठचं कुरण," अध्यक्ष शिंकून म्हणाले. "दावा कुणाकुणाचा?"

नुर्गोझा उठला. आपलं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, सात पिढ्या खणखणीत सांगून बसला. पुरुषाला काय, पाठच असतं.

"आणि आजी तुम्ही? सासऱ्यांच्या नावावर म्हणता ना? काय नाव त्यांचं?"

कुल्पाश उभी राहिली. पांढरा रुमाल नीट केला. तोंड उघडलं. सादिरनं डोळे मिटले, गौहारनं मुठी आवळल्या, आणि मागच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी श्वास धरला, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या पोटात असा एक शब्द होता.

"टोकबेक," कुल्पाश म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिलाच कळलं आपण काय म्हणालो. ती मटकन खाली बसली. सादिरनं कपाळाला हात लावला. "आई, अगं..."

नुर्गोझा हसत उठला. "साहेब, वहिनी जुन्या वळणाच्या. माझ्या काकांचं नाव काझिकबेक. मी पंधरवड्यापूर्वीच जिल्ह्याला विचारून आलोय, कुरणापुढे काझिकबेक असं नाव दप्तरात नाही. लिहून घ्या."

असा होता तो उदारपणा! वहिनींनी नाव घेतलं असतं तरी कुरण जाणारच होतं. वर लाजही गेली असती.

अध्यक्ष मात्र बोटाला थुंकी लावून पानं उलटत राहिले. थांबले. चष्मा वर केला, खाली केला.

"काझिकबेक नाही, खरंच," ते म्हणाले. "इथं लिहिलंय टोकबेक. सन शेहेचाळीस. ओढ्याकाठचं कुरण, चारशे पावलं. माहिती देणार, कुटुंबप्रमुख डोंगरावर घोडे घेऊन गेल्यामुळे, त्याची बायको दामेश."

मग मागून एका म्हातारीला हसू फुटलं, आणि ते बायकांच्या सगळ्या रांगांतून पसरत गेलं. दामेश! लिहिणाऱ्यानं विचारलं असणार, नवऱ्याचं नाव काय, आणि दामेशनं पीठ मळता मळता सांगितलं असणार. नवऱ्याचं नाव घ्यायला ती काय बेशरम होती?

"पण टोकबेक नावाचा माणूसच नव्हता!" नुर्गोझा ओरडला.

"नव्हता कसा? सरकारी दप्तरात आहे," अध्यक्ष म्हणाले. दप्तरात नसलेल्या माणसांशी त्यांचं वाकडं होतं, असलेल्यांशी नाही. "आजी म्हणतात तो त्यांचा सासरा. दुसरं कुणी ओळखतं या टोकबेकला?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांत आधी उठली ती ओरिन्कुल, नुर्गोझाची बायको.

"तू कुठं उठलीस? बस खाली!"

"मला विचारतायत ते," ती म्हणाली. "साहेब, टोकबेक माझे चुलतसासरे. ओढ्याकाठचं गवत तेच कापायचे. तीस वर्षं मी त्यांना याच नावानं ओळखते."

"अगं, त्यांचं नाव काय होतं ते तुला ठाऊक आहे!"

"मग तुम्हीच सांगा, मी ते इथं चारचौघांत घेऊ?" ओरिन्कुलनं विचारलं. "तुमच्या घरची सून असून?"

यावर पुढच्या रांगेतले पांढऱ्या दाढीवालेही माना डोलवू लागले. सून चारचौघांत सासऱ्याचं नाव घेत नाही, हे नुर्गोझाला भर सभेत खोटं पाडता येईना. तिच्यामागं एकेक करून अकरा जणी उठल्या. अध्यक्षांनी बारा साक्षी मोजल्या, दोनदा शिंकले आणि कुरण टोकबेकच्या सुनेच्या नावे करून टाकलं. ओरिन्कुलनं घरी गेल्यावर नुर्गोझाला काय वाढलं ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशीही तो लाडोबाच होता.

मे महिन्याच्या अखेरीला कुल्पाशनं शिंगरं बांधली. घोड्यांचं दूध काढायचा वर्षातला तो पहिला दिवस. खुंट्यांना लोणी चोपडायचं, थोरल्या पुरुषानं दुवा द्यायची. घराण्यात आता थोरला म्हणजे नुर्गोझाच. बोलावलं, तर आला. कोट मात्र जुना होता. तळवे उघडून त्यानं दुवा दिली, "खुंटे भक्कम राहोत, घोड्या दुधाच्या होवोत," आणि वहिनींच्या डोळ्याला डोळा न देता लोण्याचा वाडगा पुढं केला.

ओरिन्कुल दोरी सोडवत होती. "वहिनी," ती म्हणाली, "आता पंचाईत झाली हो तुमची. दप्तरी सासऱ्यांचं नाव टोकबेक. मग टोक्या म्हणायची चोरी."

कुल्पाशचा हात थांबला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. गौहार मोगरी खांद्यावर टाकून खदखदून हसली. "आणि तो दुसरा शब्द आता कुणाच्याच नावात नाही, आई! मोकळा झाला की!"

कुल्पाशनं ओढ्याकडे बघितलं, कबरी होत्या त्या टेकडीकडे बघितलं. करडी घोडी कान टवकारून उभी होती.

"गौहार," ती अगदी हळू म्हणाली, "तो खुंटा इकडे दे."

काहीच झालं नाही. घोडीनं शेपटीनं माशी हाकलली. नुर्गोझानं चमकून वर बघितलं, इतकंच. गौहारनं खुंटा दिला. कुल्पाशनं तो जमिनीत ठोकला, हलवून बघितला, आणि त्याला लोणी चोपडलं. मग टेकडीकडे एक नजर टाकून पुन्हा एक मूठ चोपडलं.