घासाच्या फुलाचा खडा

सराफाच्या दुकानात जाऊन रत्न मागणारी आणि ग्रह नाकारणारी बाई अख्ख्या बारामती-इंदापुरात एकच आहे, आणि ती माझी आत्या आहे. आमच्या घरात बौद्ध दीक्षेपासून पंचांग शिरलेलं नाही. आत्याची सगळी नोकरी बावड्याच्या दवाखान्यात पांढऱ्या साडीत गेली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली जपायची. घरी येऊन ती रडली नाही. म्हणाली, "दिसतंय तवर एक रंग मनासारखा बगायचाय. अंगठीत."

रंगही साधा नाही. लसूणघासाच्या फुलाचा. हा घास जनावरांचा चारा. फुलायच्या आत विळा लागतो, त्यामुळे त्याचं जांभळं फूल फारसं कुणी पाहत नाही. तिनं ते लहानपणी, बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात पाहिलं होतं. तिनं सणसरच्या रानात एक वाफा राखायला लावला. वडील म्हणाले, "अक्का, म्हशीनं काय खायचं?" ती म्हणाली, "तिला बाकीचं रान हाय की." फुलं तोडून नेली तर बारामतीपर्यंत माना टाकत, म्हणून ती रंगाच्या रिकाम्या डब्यात मुळासकट रोप घेऊन एसटीनं जाऊ लागली. खिडकीची जागा रोपाला, आणि आत्या त्याच्या शेजारी.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, "सिस्टर, रास कुठली?" आत्या म्हणे, "रास ऱ्हाऊ द्या, खडा दावा." एकानं निळा खडा काढून हा शनीचा म्हणून सांगितलं. "शनीला बसू द्या तिकडं. बोट माजं हाय." दुकानातल्या दिव्यांवर तिचा काडीचा विश्वास नाही, "बल्बाखाली काचबी राणी दिसती," असं म्हणून ती खडा घेऊन थेट उन्हात, भर रस्त्यात उभी राहायची आणि मागे सराफ हवालदिल होऊन धावायचा. अगदी निर्मळ खडा दिसला की तिला संशय यायचा. आत बारीकसा डाग असला तर मात्र ती खूश, कारण जन्माला आलेल्या वस्तूला डाग असतोच, असं तिचं नर्सिंगचं ज्ञान. नीलम फार निळा, कटेला, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट, फार तांबूस. मी कंटाळून सोबत जाणं सोडलं, तिनं काही सोडलं नाही.

शेवटी इंदापूरच्या एका म्हाताऱ्या सराफानं खणाच्या तळातून कागदाची पुडी काढली. "ह्याला स्पिनेल म्हणत्यात. असला रंग मी पुन्ना बघितला न्हाय. पण कुठल्याच ग्रहाचा न्हाय, म्हणून गिऱ्हाईक हात लावत न्हाय." आत्यानं तो उन्हात नेऊन रोपाशेजारी धरला. फिरवून फिरवून आतला बारीक डाग शोधून काढला. मग म्हणाली, "माज्यासाठीच ऱ्हायला म्हणायचा."

दोन उन्हाळे तिनं तो रंग मनसोक्त पाहिला. आता नजर आकसली आहे आणि खडा तिला राखाडी दिसतो. मला त्याचं फार वाईट वाटतं. तिला वाटत असेल तर ती दाखवत नाही. सकाळी अंगणात बसून हात पुढे करते. "आज कसा हाय?" सुरुवातीला मी उरकून टाकायचो, जांभळा आहे म्हणून. त्यावर ती रागावली. तेव्हापासून मी तिचं बोट धरून, खडा उन्हात फिरवून सांगतो, की कडेला निळा आहे, मध्यावर गुलाबीकडे झुकतोय, आणि आतला डाग आज चमकतोय. ती मान हलवते.

"सावकाश बग," ती म्हणते. "माज्या वाटचंबी बग."