केसाहून बारीक तुळया आणि आमच्या अक्का

डॉ. वत्सला नरगुंदकर यांची माझी पहिली भेट झाली ती पीएच.डी.च्या मुलाखतीत. अळणावरजवळच्या शेतकरी घरातून आलेली मी, पुरती घाबरलेली. बाईंनी समीकरण विचारले नाही. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर धरून टोक दाबून सोडले. पट्टी घुमली. मग ती थोडी आत ओढून पुन्हा तेच केले.

"काय बदललं?"

उत्तर येत होते, पण शब्द फुटेना.

"हेदरबॅड," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरू नकोस. मीसुद्धा घाबरते. सावकाश सांग."

त्या घाबरतात, हे मला केवळ धीर देण्यासाठी म्हटलेले वाटले होते. ते खरे होते, हे पुढे कळले. विद्यार्थ्यांच्या या अक्का स्वभावानेच काळजी करणाऱ्या आहेत. धारवाडला सप्तापुरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी तापाने पडले, तेव्हा गंजीचा, म्हणजे तांदळाच्या पेजेचा, डबा घेऊन त्या स्वतः आल्या आणि ताप उतरेपर्यंत उठल्या नाहीत.

राळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, मिसळून केसाहून बारीक तुळया बनवतात. अशी तुळई कशी कंप पावते, याचे गणित मांडण्यात अक्कांची उमेदीची वर्षे गेली. तुळईवर वायूचे कण बसले की ती जड होते, तिचा कंप मंदावतो. त्यावरून वायुगळतीची सूचना देता येते. हुबळीजवळच्या तारिहाळच्या एका कारखानदारांनी अक्कांच्या गणिताच्या भरवशावर असे यंत्र बनवायला घेतले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ही यंत्रे रसायनांच्या एका कारखान्यात बसवायची होती आणि तुळयांची चाचणी माझ्याकडे होती.

कंप अपेक्षेपेक्षा मंद येऊ लागला. वायू नसतानाच मंद! मी उपकरण तपासले, जोडण्या बदलल्या. माझा प्रबंध याच मोजणीवर उभा होता. रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन मी तीच मोजणी पुन्हा करी. अक्कांना सांगितले, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. "तुझी मोजणी बरोबर असेल, तर माझं गणित चुकलंय," एवढेच त्या म्हणाल्या.

अण्णांनी तोड सुचवली. "अक्का, माल फक्त गाडीत चढायचा बाकी आहे. गणितात एखादा आकडा घाला, यंत्र त्याप्रमाणे लावून घेऊ. स्वल्प ॲडजस्ट माडरी, थोडं जमवून घ्या!"

अक्का दुसऱ्या दिवशी मला घेऊन तारिहाळला गेल्या. मिश्रण घोटण्यापासून साच्यात ओतण्यापर्यंतचे सगळे काम त्यांनी उभ्याने पाहिले. घोटलेले मिश्रण ओतण्यापूर्वी बराच वेळ तसेच राहत होते. तुळयांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा नळ्यांच्या गुठळ्या दिसल्या. नळ्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या असतात, हे अक्कांनी धरलेले गृहीतच तिथे लागू नव्हते. गुठळ्यांमुळे तुळईचा ताठरपणा कमी झाला होता.

"प्रत्येक तुळईत गुठळ्या वेगळ्या, अण्णा," अक्का म्हणाल्या. "एक आकडा सगळ्यांना कसा चालेल? गळती होईल आणि यंत्र गप्प बसेल. तिथं माणसं काम करतात. चूक माझ्या गृहीताची आहे, तसं मी लिहून देते. पण माल थांबवा."

"आणि माझं नाव जाईल, त्याचं काय?"

"त्याचीही काळजी वाटते हो मला. तरी थांबवा."

अण्णांनी माल थांबवला. ते गिऱ्हाईक गेले आणि अण्णांनी कित्येक महिने अक्कांशी बोलणे टाकले. अक्कांनी आपल्या छापून आलेल्या निबंधाची दुरुस्ती स्वतःच्या नावाने पाठवली. विभागातल्या काहींनी कुजबुज केली, त्यांची बढती लांबली. त्या काळात त्या नीट जेवत नव्हत्या, पण माझ्यासमोर त्यांनी कधी अण्णांना दोष दिला नाही. गुठळ्यांचा हिशेब धरून आम्ही गणित पुन्हा मांडले. माझा प्रबंध त्यावरच झाला. अण्णांनीही शेवटी मिश्रणाची पद्धत बदलली आणि नव्या तुळयांचा कंप गणिताशी जुळला. त्या दिवशी ते पेढे घेऊन प्रयोगशाळेत आले, तेव्हा अक्का आनंदाने रडल्या आणि लगेच विचारू लागल्या, "पुन्हा एकदा तपासून बघू या का?"

अक्कांची साठी साजरी होत असताना आम्हा सर्वांचा जीव मात्र थाऱ्यावर नाही. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. शस्त्रक्रिया येत्या आठवड्यात हुबळीत होईल. परवा मी भेटायला गेले. धीर द्यायचा म्हणून गेले होते, पण माझाच चेहरा बघून त्यांनी जवळ बसवून घेतले आणि आता माझ्या हाताखाली प्रबंध करणाऱ्या विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेची चौकशी केली.

अक्का, त्या मुलीचे मी बघते. तुम्ही बऱ्या होऊन घरी या. धारवाडच्या मोकळ्या हवेत पुष्कळ वर्षे चाला, हिंडा, आमच्यावर रागवा. शंभरी गाठा. तोपर्यंत तुमची काळजी करण्याचा हक्क आम्हाला द्या.