बांध मी पेटवला होता

आग बांध सोडून माळावर गेली अन् माझी पिंकी तितंच होती! साळंची पोरं तितराची अंडी बघायला माळावर गेलीत, हे काडी ओढल्यावर मला आठवलं.

लई वर्सं झाली. आज शेजाऱ्यानं बांध जाळला, त्या वासानं समदं पुन्हा आठवलं.

पाखरं वाचवणाऱ्या संस्थेच्या ताईनं गावाला हात जोडून जोडून तो माळ तितरांसाठी राखला होता. चराई बंद, म्हणून गवत कमरेएवढं, वाळून कडक. आमच्याकडं उन्हाळ्यात बांध जाळतातच, मीबी जाळला. वारं बघितलं न्हाई.

मी अनवाणी पळाले. तेवढ्यात धुराच्या काळ्या लोटातून, दरसाल मेंढरं घेऊन गावात येणारे म्हादू धनगर आले, पिंकी खांद्यावर, मिशा जळलेल्या.

"घे माय, तुझी लेक. बाकीची पोरं गुरुजीसंगं खडकावर हायत."

पिंकी माझ्या गळ्याला चिकटली. ताई आली. अंड्यांच्या जागी राख बघून मटकन् खाली बसली. "कोणी लावली आग?"

सरपंच म्हणले, "दुसरं कोण? नवं गवत फुटावं म्हणून हे धनगरच लावतेत."

"न्हाई मालक, मी कशाला लावू?" म्हादूमामा म्हणले.

सासू माझ्या शेजारीच उभी होती. माझं तोंड उघडलंच न्हाई.

त्या सालापासून मामाची मेंढरं कोणी खतासाठी रानात बसवून घेतली न्हाईत. ते पुन्हा गावात दिसलेच न्हाईत.

बायांनो, खरं सांगा, लेक कडेवर अन् सासू शेजारी असती, तर तुमी बोलल्या असत्या का?