आपोआप फिरणारी फिरकी

मला पतंग उडवता येत नाही. म्हणूनच पतंग उडवणाऱ्यांसाठी यंत्र बनवायचं मी ठरवलं.

उद्योगांना परवाना लागण्याची अट रद्द झाल्याचं त्या सुमारास पेपरात वाचलं आणि मला वाटलं, सरकारने ही सोय खास माझ्यासाठीच केली. (निजामपुऱ्यात मी राहतो हे दिल्लीला ठाऊक नव्हतं, तो भाग वेगळा.) कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भंगारातून आणलेली वायपरची मोटर लावून, मांजा आपोआप गुंडाळणारी फिरकी तयार केली. बटण दाबलं की झालं. फिरकी धरून मागे उभं राहायला माणूसच नको!

"कुणाला विचारलंत का, हवीय का म्हणून?" कणीक मळायला जागा शोधत सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"चांगली वस्तू स्वतःच बोलते."

"मग तिला म्हणावं, उत्तरायणला बोल. एक जरी विकली गेली तर खुशाल राजीनामा द्या. नाहीतर सण संपला की गुपचूप कामावर!"

उत्तरायणच्या, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या, सकाळी यंत्र गच्चीवर नेलं. सुनंदाही मागोमाग आली. शेजारचा हितेश पतंग उडवत होता. नुकताच साखरपुडा झालेली त्याची फाल्गुनी फिरकी धरून मागे उभी होती. त्याची आई, कोकिळाबेन, कोपऱ्यात उन्हाला बसून स्वेटर विणत होत्या.

"हितेश, हे यंत्र घे. फाल्गुनीला खाली जाऊन आराम करता येईल!"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साखरपुडा मीच मोडला.

"अंकल," हितेश हळूच म्हणाला, "लग्न छेक, पार वैशाखात छे. तोपर्यंत फिरकी आहे म्हणून तर ही इथे उभी आहे ने!"

हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. "एकदा बघ तरी!" म्हणत मी त्याची फिरकी यंत्रावर चढवली आणि बटण दाबलं. हितेशचा पेच लागलेला. त्याला द्यायची होती ढील. माझ्या यंत्राला फक्त ओढणं येत होतं. हितेशचा पतंग कटला, समोरच्या गच्चीवरून "ए काप्यो!" अशी आरोळी उठली आणि थाळ्या वाजू लागल्या.

"बंद करा, अंकल!"

बंद करायचं बटण मी पुढच्या सुधारणेत घालणार होतो! उरलासुरला मांजा संपवून यंत्राने, मांजाच्या टोकात अडकलेली कोकिळाबेनची जमिनीवरची लोकर धरली. सुया निसटल्या, बाही सरसर उसवली. मी बॅटरीची वायर उपटली तेव्हा कोकिळाबेनच्या मांडीवर फक्त गळा उरला होता.

त्या उठल्या. फिरकी हातात घेऊन न्याहाळली. "हाय हाय! केवढं सरस गुंडाळलंय!"

"बेन, ते त्यासाठीच आहे," सुनंदा शांतपणे म्हणाली.

"जुनं स्वेटर उसवायला पण चालशे?"

"तेच तर आत्ता दाखवलं!"

संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या निम्म्या बायकांनी मागणी नोंदवली, आणि मी ऐटीत राजीनामा टाकला. मग कामाला लागलो. आधी बंद करायचं बटण, मग दोन रंगांची सोय, मग आवाज कमी करणं...

"अहो, थंडी आहे तोवर आहे तशीच द्या!"

"अपुरी वस्तू देऊ? माझं नाव खराब होईल!"

"आधी ते होऊ तर द्या!"

अखेर यंत्र अगदी निर्दोष झालं. ते घेऊन मी कोकिळाबेनकडे गेलो. त्या पंख्याखाली बसून आमरसाचे आंबे पिळत होत्या.

त्या वर्षी माझ्या हातून वेळेवर बाहेर पडलेली वस्तू एकच. राजीनामा.