एका नावाची एकच बाई

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ माहितीच्या चुकीच्या मांडणीत आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. जिजाजींची दिग्रसच्या बसस्टँडामागं कॉम्प्युटर दुरुस्तीची खोली होती. तिथं दुरुस्ती कमी, सल्ला जास्त. बिघडलेला प्रिंटर घेऊन आलेल्या मास्तरांना ते शाळेच्या डेटाबेसमध्ये काय चुकलंय ते तासभर सांगत. प्रिंटर तसाच परत जाई. एका सोयऱ्याच्या घरच्या तेरवीत पंगतीची यादी पाहून त्यांनी भर मांडवात झापलं होतं, "गाव आन मानूस एकाच टेबलात कायले कोंबलं? गाव येगळं ठेवा, त्याले नंबर द्या!" रडून डोळे सुजलेला यजमान "हो जी" म्हणाला. जे रोज लागतं ते हाताशी, या तत्त्वावर त्यांनी ताईचं स्वयंपाकघरही लावून दिलं आणि गूळ माळ्यावर टाकला. पोळ्याला पुरण शिजवताना स्टुलावर चढून ताई जे बोलली, ते छापण्याजोगं नाही.

मी तेव्हा सरकारविरोधी पत्रकं लिहायचो. जिजाजी ती वाचून म्हणत, "सरकार पाडून काय होते बे? सरकारची क्वेरी स्लो हाये. इंडेक्स टाका म्हना." बोंडअळीनं कपाशी पोखरली त्या वर्षी त्यांच्या प्रतिभेला मैदान मिळालं. कापूस खरेदी केंद्रावरचा कॉम्प्युटर एक नाव शोधायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर गाडीचे बैल खाली बसून रवंथ करायचे. जिजाजी न बोलावता गेले आणि फुकट सल्ला देऊन आले: नाव आणि गाव मिळून एक ओळख धरा, त्यावर इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, टाका, तीच जोडी पुन्हा आली तर यादीत घेऊच नका. नाव टाकायचा अवकाश, चुटकीसरशी सापडू लागलं. केंद्राच्या साहेबांनी नारळ देऊन सत्कार केला. देशाचा प्रश्न सुटला.

महिन्याभरानं मी फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या एका बाईंना घेऊन त्यांच्या खोलीत शिरलो. नाव सुशीला राठोड. त्यांची कापसाची गाडी तीन दिवस केंद्राच्या फाटकाशी उभी होती, आभाळ भरून आलं होतं, शनिवारी खरेदी बंद होणार होती, आणि कॉम्प्युटर म्हणत होता, या बाईचा कापूस तर घेऊन झाला.

"घेतला तो माह्या जावेचा," बाई म्हणाल्या. "ते बी सुशीलाच."

"एका घरात दोन सुशीला?" जिजाजी दचकले.

"आमाले काय माहीत साहेब, तुमच्याइथं एकच चालते म्हून? तांड्यात चार हायेत. आमी बरोबर वळखतो. तुमची मशीन काहून नाई वळखत?"

मी पेटलो. "उद्याच त्या साहेबाच्या नावानं पत्रक काढतो!"

"साहेबाच्या कायले?" जिजाजी हळूच म्हणाले. "माहं नाव टाक."

वाटेत त्यांनी मला एकही सल्ला दिला नाही. केंद्रावर सगळ्यांसमोर "चूक माही हाये" म्हणाले, आणि बसून प्रत्येक नोंदीला तिचा स्वतंत्र नंबर दिला. पावसाच्या आधी सुशीलाबाईंचा कापूस काट्यावर चढला. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, "असे परत किती गेले?" कारकुनानं खांदे उडवले. नाकारलेली नावं कुठं ठेवायची, हे जिजाजींनी सांगितलंच नव्हतं.

शनिवारपर्यंत खोलीला कुलूप लावून ते मोटरसायकलवर तांडे फिरले. परत गेलेले काही जण सापडले. काहींनी कापूस केव्हाच व्यापाऱ्याच्या दारात टाकला होता. राहिले किती, ते कोणालाच ठाऊक नाही.

आताशा जिजाजींचं बोलणं कमी झालंय. ताईलाच ते सोसवत नाही. लग्नाकार्यात परगावचा माणूस भेटला, की ते त्याच्या शेजारी बसून विचारतात, "तुमच्या गावात एका नावाचे किती हायेत? वळखता कसे?" आणि तो आठवून आठवून सांगत असतो, तेव्हा मधे एक शब्द बोलत नाहीत.